गुण बेताचे, वाट संशोधनाची

नीटचा निकाल लागला की जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात दोन-चार दिवस दुसरा विषय नसतो. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत असो, दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला असलेल्यांची घरं असोत की केळीवाल्या शेतकऱ्याचा ओटा असो, प्रश्न एकच: "किती पडले?" ज्याला भरघोस पडले, त्याच्या घरी पेढे. ज्याला अगदीच कमी पडले, तो पुन्हा लातूरची किंवा भुसावळ-जळगावच्या क्लासची चौकशी करतो. मधल्या मुलामुलींची मात्र पंचाईत होते. त्यांचे गुण सरकारी महाविद्यालयाच्या कट-ऑफच्या काठावर असतात. कुठेतरी जागा मिळेल, पण नावाजलेल्या संस्थेत नाही. त्यातल्या काहींच्या मनात आणखी एक इच्छा असते आणि ती बोलून दाखवायलाही ते कचरतात. त्यांना डॉक्टर व्हायचं असतं आणि संशोधनही करायचं असतं. एवढ्याशा गुणांवर संशोधनाची भाषा करायची म्हणजे लोक हसतील, असं त्यांना वाटतं.

हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वैद्यकीय संशोधनाच्या वाटेवर अनेक दारं आहेत आणि प्रत्येक दारावर वेगळं काही मागतात. नीटचा आकडा पहिल्या दारावरच चालतो. पुढच्या दारांवर तो कोणी विचारत नाही. आपल्याकडची मुलं पहिल्याच दारावर स्वतःची किंमत ठरवून मोकळी होतात, हे मला फार लागतं.

त्या आकड्याकडे एकदा नीट पाहू. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकलं तर एक वजा. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतात. याचा अर्थ निम्मे गुण नव्हे. परीक्षा दिलेल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या वर असणं. २०२४ साली सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते. सुधारित निकालात ते १७ उरले. एका प्रश्नाच्या उत्तरावरून आणि वाढीव गुणांवरून इतका फरक पडू शकतो. या परीक्षेत वाचन, सराव आणि वेग यांची पारख होते. एखाद्या न सुटलेल्या प्रश्नाला तीन वर्षं चिकटून राहण्याची ताकद तिच्यात मोजली जात नाही, आणि संशोधकाला नेमकी तीच लागते.

मुलं इंटरनेटवर शोधायला लागली की त्यांना आधी अमेरिकेतला एमडी-पीएचडी हा जोडअभ्यासक्रम दिसतो. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ साली तीन विद्यापीठांत या प्रशिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली. वैद्यकाची दोन वर्षं, मग प्रयोगशाळेत पीएचडी, मग पुन्हा वैद्यकाची उरलेली वर्षं, असा सात-आठ वर्षांचा प्रवास. बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन. प्रवेशासाठी एमकॅट ही परीक्षा असते, तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मोजतात आणि या जोडअभ्यासक्रमात शिरणाऱ्यांची सरासरी ५१६च्या आसपास असते. तिथे वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी ही वाट खरी आहे. त्या मुलांतही ज्यांचा एमकॅट थोडा कमी असतो, त्यांना प्रयोगशाळेतलं दीर्घ काम आणि मार्गदर्शकाचं पत्र तारून नेतं. वरणगावहून मात्र हा अर्ज थेट भरता येत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या त्या जागा प्रामुख्याने तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत. इथून एमबीबीएस झालेला डॉक्टर तिकडे नुसत्या पीएचडीला अर्ज करू शकतो, हे लक्षात असू द्यावं. पण त्या वाटेचा सविस्तर विचार इथे करत नाही.

आपल्याकडे बारावीनंतर भरायचा असा एक अर्ज नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने वैद्यकीय पदव्युत्तर शाळेचा आणि सुमारे ८०० खाटांच्या रुग्णालयाचा आराखडा आखला, २०२२ साली त्यासाठी ४२५ कोटींची देणगी मिळाली, आणि त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी एमडी-पीएचडीच आहे. पण बाकी देशात बहुतेक ठिकाणी ही वाट आपली आपण जोडत जायची असते. एमबीबीएस करता करता छोटं संशोधन, मग बंधपत्राच्या सरकारी सेवेचं वर्ष, मग एमडी किंवा थेट पीएचडी. जोडावी लागते म्हणून ती अवघड आहे. पण जोडता येते म्हणूनच बेताच्या गुणांच्या मुलालाही ती खुली आहे, कारण प्रत्येक सांध्यावर नव्याने मोजमाप होतं.

पहिला सांधा म्हणजे महाविद्यालय. खानदेशच्या मुलांना आज जवळ पर्याय आहेत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८पासून आहे, जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झालं, नंदुरबारचं २०२० साली. भुसावळ रस्त्यावरचं डॉ. उल्हास पाटील महाविद्यालय आणि धुळ्याचं जवाहर मेडिकल फाउंडेशनचं महाविद्यालय ही खासगी. राज्यात पूर्वी विभागवार ७०:३०चं सूत्र होतं. २०२० साली ते रद्द झालं आणि राज्यभराची एकच गुणवत्ता यादी आली. त्यामुळे आपल्याच जिल्ह्यातल्या जागेसाठी आता लातूर-नांदेडच्या मुलांशी थेट चुरस असते. ही चुरस खरी आहे आणि तिच्यात कमी गुणांचा तोटा होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मुंबईचं केईएम किंवा पुण्याचं बी. जे. मिळालं नाही म्हणून संशोधनाची वाट बंद झाली, असं मात्र नाही. नव्या महाविद्यालयात जुन्या नावाचं वलय नसतं, मात्र रुग्ण तेच असतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे रुग्ण मुंबईत बसून दिसत नाहीत.

आता दुसऱ्या सांध्याकडे येतो. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं तो चुकवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ सालापासून शॉर्ट टर्म स्टुडंटशिप नावाची योजना चालवते. मुलं तिला एसटीएस म्हणतात. एमबीबीएसचा किंवा बीडीएसचा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयातला एक मार्गदर्शक निवडतो, दोन महिन्यांत होईल असा प्रस्ताव लिहितो, संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी घेतो, काम करतो आणि अहवाल पाठवतो. अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. अलीकडे ते दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये झालं आहे. निवड होते ती प्रस्तावावरून. नीटमध्ये किती होते, हे तो प्रस्ताव वाचणाऱ्याला ठाऊकही नसतं.

प्रस्ताव लिहायचा कशावर? इथे मुलं अडतात आणि मग एखाद्या मोठ्या शहरातल्या निबंधाची नक्कल करतात: मोबाइल आणि झोप, ताणतणाव आणि परीक्षा. खानदेशच्या विद्यार्थ्याला याची गरजच नाही. एक उदाहरण जवळून पाहू. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरपासून नंदुरबारपर्यंत, पावरा आणि भिल समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. गावातल्या शिबिरात तपासणी होते ती सोल्युबिलिटी चाचणीने. एका नळीत ठरावीक द्रावण असतं, त्यात बोटातलं थोडं रक्त टाकतात, काही मिनिटं थांबतात आणि नळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर आहे. चाचणी स्वस्त आहे, झाडाखाली बसून करता येते.

पण या नळीला मर्यादा आहेत. गढूळपणा आला म्हणजे माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. त्यासाठी रक्त इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीला पाठवावं लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे तिथे ती फसते. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईच्या रक्तात मुळात हिमोग्लोबिनच इतकं कमी असतं की द्रावण पुरेसं गढूळ होत नाही, आणि तिला सिकलसेल असूनही कागदावर नकार लिहिला जातो. आता प्रश्न बघा: आपल्या रुग्णालयात येणाऱ्या रक्तक्षयी गरोदर बायांपैकी ज्यांची ही चाचणी नकारात्मक आली, त्यांच्यापैकी कितीजणी पक्क्या तपासणीत सिकल निघतात? एवढाच प्रश्न. दोन महिन्यांत, एका जिल्हा रुग्णालयात, एका विद्यार्थ्याला झेपणारा. नमुना किती घ्यायचा, हे जनऔषधवैद्यक विभागातले संख्याशास्त्राचे जाणकार सांगतील. पक्क्या तपासणीची सोय कुठे आहे, हे पॅथॉलॉजीतले सर सांगतील. उत्तर काहीही आलं तरी त्याचा उपयोग आहे; आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं, एवढं मात्र पाळायला हवं.

असे प्रश्न इथे पावलोपावली आहेत. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या मजुराच्या मूत्रपिंडाचं काय होतं? फवारणी करणारा तोंडाला काय बांधतो आणि संध्याकाळी त्याला काय काय होतं? दारूगोळ्याच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या कामगाराला कमी ऐकू येतं, ते वयामुळे की आवाजामुळे? वरणगावच्या मुलाला हे प्रश्न घरातून माहीत असतात. दिल्लीतल्या मुलाला ते शोधत यावं लागतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातर्फे आणि राज्यपालांच्या पुढाकाराने २००६पासून होणाऱ्या 'आविष्कार' संशोधन महोत्सवातही असं काम मांडता येतं, आणि चार अनोळखी परीक्षकांसमोर आपली बाजू उभं राहून मांडायची सवय तिथे लागते.

आता एका डॉक्टरांबद्दल सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी कशी होती, हे त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात लिहिलं आहे. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली माणसं यायची, धडधाकट शेतकरी, लहान मुलं, आणि पाहता पाहता त्यांच्या छातीत पाणी होऊन ती दगावायची. मोठमोठ्या ग्रंथांत यावर धड काही लिहिलेलं नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसले. घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय केव्हा गार पडले, नाडी आणि रक्तदाब तासातासाला कसा बदलला, हे टिपत गेले. ती निरीक्षणं १९८२ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. विषामुळे शरीरात जी रसायनं उसळतात, त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो, हे लक्षात घेऊन त्यांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. त्याबद्दलचा निबंध १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरामागे चाळीसच्या घरात असलेले मृत्यू या उपचाराने एकाच्या आसपास आले. पुढे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास काय होतं, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर रीतसर चाचणी घेऊन तपासलं. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ते छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एमडी त्यांनी नंतर पुण्यात केलं. पीएचडी केली नाही. बिरवाडीत काम सुरू झालं तेव्हा हातात एमबीबीएसची पदवी, रक्तदाबाचं यंत्र आणि वही होती. आज सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या मुलाला राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते, नाहीतर दहा लाख रुपये भरावे लागतात. पुष्कळ जण ते वर्ष पुढच्या परीक्षेच्या अभ्यासात, जमेल तितक्या सुट्ट्या घेऊन, कसंबसं ढकलतात. ज्याला संशोधन करायचं आहे, त्याने ते वर्ष ढकलू नये, असं मी आग्रहाने सांगेन. प्राथमिक आरोग्य केंद्राची जुनी नोंदवही उघडावी. साप चावल्याच्या, विंचू चावल्याच्या, उष्माघाताच्या नोंदी महिन्यावार मांडाव्यात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. वर्षाच्या शेवटी हातात एक लहानसा, स्वतःचा अभ्यास असेल.

तिसरा सांधा एमबीबीएसनंतरचा. इथे बेताच्या गुणांचा फायदा होतो, असं म्हटलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेत वरच्या क्रमांकांवर रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग, बालरोग या जागा संपतात. मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी यांच्या जागा मागे उरतात, कारण त्यांत स्वतःचा दवाखाना निघत नाही. उरतात म्हणजे किती? २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी केंद्राने पात्रतेची अट सरसकट शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. समाज या विषयांना दुय्यम मानतो. संशोधनाच्या दृष्टीने पाहिलं तर औषध कसं काम करतं, जंतू औषधाला का दाद देत नाहीत, शरीरातली रसायनं कशी बदलतात, हे सगळं याच विषयांत आहे. ज्याला मुळात प्रयोगशाळेतच जायचं आहे, त्याने मागे उरलेली जागा कमीपणा न मानता घ्यावी आणि एमडीचा प्रबंध मनापासून करावा. त्या प्रबंधातूनच पुढे पीएचडीचा विषय निघू शकतो.

एमडी न करता थेट पीएचडीलाही जाता येतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सीएसआयआर-नेट ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा एमएस्सीवाल्यांचीच, असा समज आहे. एमबीबीएस झालेल्यालाही ती देता येते. खुल्या प्रवर्गाला पदवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. विषय जीवशास्त्राचा. शिष्यवृत्ती मिळाली तर दोन वर्षांच्या आत पीएचडीला नाव नोंदवावं लागतं. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिचं बंगळुरूचं एनसीबीएस हे केंद्र यांच्या जीवशास्त्राच्या पीएचडीलाही एमबीबीएस चालतं. त्यासाठी जेजीईईबीआयएलएस नावाची लेखी परीक्षा आणि नंतर मुलाखत असते. शिष्यवृत्ती जानेवारी २०२३पासून सुरुवातीला महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. निवासी डॉक्टरला याहून बरंच जास्त मिळतं. घरावर शिक्षणाचं कर्ज असेल, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं असेल, तर हा हिशेब आईवडिलांसोबत बसून, कागदावर आकडे मांडून करावा.

अर्जात कमी गुणांचं काय करायचं? निवेदनात त्यांची कैफियत मांडू नये. आजारपण किंवा घरातली अडचण असेल तर ती एका वाक्यात सांगावी आणि लगेच कामाकडे वळावं. 'मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं, त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी 'मी ठरावीक काळात अमुक इतक्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, माझा अंदाज चुकला, आणि तो का चुकला हे आता मला शोधायचं आहे' असं लिहावं. शिफारसपत्रासाठी अधिष्ठात्यांच्या सहीमागे धावू नये. ज्यांनी तुम्हाला रात्री आठ वाजता नमुने मोजताना पाहिलं आहे, त्या सहायक प्राध्यापक मॅडमचं पत्र जास्त वजनदार ठरतं, कारण त्यात प्रसंग असतात.

मुलाखतीत बहुधा माहिती विचारत नाहीत, विचार करायला लावतात. "तुमची चाचणी नकारात्मक आली, पण रुग्णाच्या भावाला सिकलसेल आहे. आता काय कराल?" असं कोणी विचारलं, तर पुस्तकातलं उत्तर आठवत बसू नये. रुग्णाचं वय किती, हिमोग्लोबिन किती, नुकतंच रक्त चढवलंय का, हे उलट विचारावं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं आणि कसं शोधाल ते सांगावं. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. विचार अडखळला तर मात्र लगेच लक्षात येतं.

एमबीबीएसचीच जागा मिळाली नाही आणि ओढ मात्र प्रयोगशाळेची आहे, अशांसाठी आयसरची, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची, आयएटी ही प्रवेश परीक्षा आहे. ६० प्रश्न, २४० गुण. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न. पुण्याचं आयसर २००६पासून आहे. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या तशाच संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा. म्हणून अकरावीला जीवशास्त्र घेताना गणित सोडू नये, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. आणि बीएस्सीनंतरही जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ घराजवळ आहेच.

घरातली मोठी माणसं शेवटी विचारतात, हे सगळं करून पोरगं कमवायला कधी लागणार? साडेपाच वर्षं एमबीबीएस इंटर्नशिपसह, एक वर्ष सेवा, तीन वर्षं एमडी, चार-पाच वर्षं पीएचडी. एमडी आणि पीएचडी दोन्ही केलं तर वय तिशी ओलांडतं, पण एमडीपासून विद्यावेतन सुरू असतं. एमबीबीएसनंतर थेट पीएचडी केली तर तीन वर्षं वाचतात. मधेच थांबावं लागलं तरी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी हातात असते आणि प्रॅक्टिस करता येते. या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ठरावीक क्रेडिट गुण लागतात. प्रयोगशाळेत रमलेल्या डॉक्टरांच्या हातून हे राहून जातं, तेव्हा पीएचडीच्या पहिल्याच वर्षी त्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.